म्हसोबाच्या नावाचा कोंबडा

सुमन,

जूनमधल्या एका मंगळवारी सकाळी, पडेगावच्या घरामागं, खुराड्याच्या दाराशी तू कोसळलीस. शेजारच्या हमीदभाईंनी त्यांच्या रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि तिथं नेण्याआधीच हृदय बंद पडल्याचं सांगितलं. घरी परतलो तेव्हा खुराडं उघडंच होतं आणि कोंबड्या अंगणभर पांगल्या होत्या.

निधनवार्ता मीच लिहून दिली. नोकरीची सगळी वर्षं पेपरच्या डेस्कवर गेली, त्यामुळं वेळ लागला नाही. वय, मूळ गाव, पश्चात पती आणि मुलगी. ओळी मोजक्याच मिळतात. कोंबड्या त्यात आल्या नाहीत.

तू खुराडं कधी एकदम उघडलं नाहीस. फळी थोडी सरकवायची, एकेक कोंबडी हातात घ्यायची, शेपटीखाली बोटानं चाचपायचं. अंडं लागलं तर ती पालथ्या डालग्याखाली, अंडं घालून होईपर्यंत. नाही लागलं तर बाहेर. मी ओट्यावर चहा घेत बसलेला असायचो आणि तू तिथूनच ओरडून सांगायचीस, "आज तिघीजणी बाळंतपणाला बसल्यात!" त्या तिघी डालग्याखालून कुरकुरत असायच्या. तू त्यांना रागवायचीस, "गप बसा गं, मोकळ्या होईस्तोवर कुठं हिंडता?"

तुझ्यामागं घर पाहुण्यांनी भरलं. कुणीतरी सकाळी खुराडं उघडायचं, कुणीतरी संध्याकाळी लावायचं. चाचपलं कुणीच नाही. कोंबड्या वाटेल तिथं अंडी घालू लागल्या. हमीदभाईंच्या कडब्याच्या गंजीत, माझ्या बंद पडलेल्या स्कूटरखाली, एक तर पाहुण्यांच्या चपलांच्या ढिगात. हमीदभाईंच्या नजमाभाभी ओढणीच्या पदरात अंडी घेऊन कुंपणाशी उभ्या राहायच्या. "साहेब, ये भाभीके हैं, हमारे नै." सुतकात घरात अंडं चालत नाही, म्हणून तुझ्या अक्कानं त्यांना ती ठेवून घ्यायला सांगितलं. त्या दिवशी भाभी अंडी घेऊन परत गेल्या.

सगळे पांगल्यावर मी स्वतः चाचपून बघितलं. कोंबडी मनगटावर चोच मारते. बोटाला नेमकं काय लागायला हवं, हे तू कधी सांगितलं नव्हतंस. एकीला काहीतरी कठीण लागलं असं वाटलं. तिला डालग्याखाली कोंडली. दुपार झाली, संध्याकाळ झाली, तिनं अंडं घातलं नाही. दुसऱ्या दिवशी परत तसंच. तिसऱ्या दिवशी नजमाभाभी कुंपणावरून म्हणाल्या, "साहेब, ती म्हातारी हाय. तिनं अंडी देणं कवाच सोडलं."

ती म्हातारी म्हणजे तुझी चंद्री. तिला अजून खुराड्यात ठेवण्यावरून आपलं भांडण व्हायचं. तुझा नियम सरळ होता: कोंबडी अंडी देते तोवर तिचं नाव असतं, कोंबड्याला नाव नसतं. नाव ठेवलं की खाता येत नाही, असं तू म्हणायचीस. नर पिलं वाढली, आपसांत झुंजायला लागली, की रविवारी सकाळी हमीदभाई यायचे. त्यांच्या घराण्याकडं गावाची मुलाणकी होती. हलाल करायचं काम आधी वडिलांचं, मग त्यांचं. ते आले की तू कोंबडा त्यांच्या हातात द्यायचीस आणि घरात जाऊन मिक्सर लावायचीस. मिक्सरमध्ये खोबरं बऱ्याचदा आधीच वाटून झालेलं असायचं. तरी तू तो चालू करायचीस. नंतर बाहेर येऊन, काही झालंच नाही अशा आवाजात, "पिसं उकिरड्यावर नका टाकू, कुत्री येतात," असं सांगायचीस. आणि रस्सा तू करायचीस तसा मी दुसरीकडं खाल्ला नाही.

अंडी बंद झालेल्या कोंबडीलाही तोच नियम होता. चंद्रीला तू तो लावला नाहीस. मी विचारलं की म्हणायचीस, "तिला पिलं सांभाळायची अक्कल हाय." हे खरं होतं. वाळवीसाठी तू मडक्यात शेण आणि गोणपाटाचे तुकडे भरून ते बांधाला पालथं घालायचीस. सकाळी मडकं उचललं की आत वाळवी वळवळत असायची. तू ते पिलांपुढं झटकलंस की चंद्री स्वतः न खाता ती पिलांना चोचीनं उकरून द्यायची. पण नियम मोडल्याचं तू मान्य केलं नाहीस. तो वाद तिथंच राहिला.

दुसरा वाद मोठा होता. तो कोंबड्याचा.

माझ्या हृदयाचं ऑपरेशन झालं त्या दिवशी तू दौलताबाद रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधावरच्या म्हसोबाला गेलीस. शेंदूर फासलेला दगड, वर लिंबाचं झाड. तिथं तू नवस बोललीस: नवरा घरी आला तर कोंबडा देईन. मी घरी आलो. बरा होऊन हिंडायला लागलो. मग एका सकाळी तू मला एक तांबडा कोंबडा दाखवलास आणि म्हणालीस, "ह्याला हात लावायचा नाय. हा देवाचा."

नवस आखाडात फेडायचा असतो. पहिल्या आखाडात तू म्हणालीस, तुरा एका अंगाला पडलाय, देवाला असा देत नाहीत. दुसऱ्या आखाडात त्याची पिसं गळत होती. तिसऱ्यात आपल्या मीनलच्या सासरचे आले. चौथ्यात पाऊस लई होता. पाचव्या वर्षी तो कोंबडा मानमोडीच्या रोगात गेला आणि तू त्याच्याच एका तांबड्या पिल्लाला देवाचा केलंस. त्यानंतर पद वंशपरंपरागत झालं. देवाचा म्हणून तो कधी रश्शात गेला नाही, बाकीचे नर मात्र वाढले तसे जात राहिले, म्हणून खुराड्यातली सगळी पिलं त्याचीच. फेडला न गेलेला एक नवस, आणि त्याच्यापासून झालेल्या सगळ्या कोंबड्या.

मी विचारायचो, "म्हसोबाचं काय ठरलं?"

"घाई कुणाला झालीय? तुमाला का म्हसोबाला?"

"बोललीस ना देईन म्हणून?"

"मग नाय म्हणतेय का? देणारच हाय."

"बातमीत 'देणार'ला अर्थ नसतो. दिलं की छापायचं."

"तुमच्या बातम्या दुसऱ्या दिशी खुराड्यात अंथरते मी. माहा नवस कवापासून ताजा हाय, बघा."

हे खरं होतं. खुराड्यात रोज जुना पेपर अंथरला जायचा. कधी कधी माझ्याच मथळ्यावर.

एकदाच तू नीट उत्तर दिलंस. उन्हाळा होता, आपण दोघं ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो. मी म्हणालो की हे देवाला फसवणं झालं. तू शेंग फोडायची थांबलीस.

"ज्याचं येणं बाकी हाय, तो माणसाला मरू देईल व्हय? म्हसोबाला कोंबडा पाहिजे. तुमाला काही झालं तर त्याला कोण देणार? म्हणून तो तुमच्यावर नजर ठेवून हाय. फेडला की मोकळा. मग तो कशाला बघतोय तुमच्याकडं?"

मी हसलो. तूही हसलीस, पण तू गंमत करत नव्हतीस. मी विचारलं, मग तुझ्यासाठी कुणाची नजर आहे? तू म्हणालीस, तुम्ही नवस बोला की माझ्यासाठी. लगेच स्वतःच मान हलवलीस. "नको. तुमी बोललात तर खोटं बोलणार. खोटा नवस लागत नाय." आणि शेंगांचं सूप घेऊन आत गेलीस. त्यावर पुढं बोलणं झालं नाही.

दहाव्याला आम्ही गोदावरीवर, कायगाव टोक्याला गेलो. पिंड ठेवले. शेजारी दुसऱ्या कुणाचं दहावं चाललं होतं. त्यांच्या पिंडाला कावळा लगेच शिवला. आपल्याकडं फिरकला नाही. लोक एकेक गोष्ट बोलू लागले. मीनल म्हणाली, आई, मी बाबांची काळजी घेईन. कावळा आला नाही. कुणी म्हणालं, कोंबड्या सांभाळू. तरी नाही. मग अक्का पुढं झाली. तुझी थोरली बहीण ती, नवसाचं तिला सगळं ठाऊक होतं.

"दाजी, म्हणा, नवस फेडतो."

मी पिंडांवरची माशी हाकलली.

"म्हणा की! तिचा जीव त्यातच अडकलाय. एवढं म्हणायला काय जातंय तुमचं?"

मी बोललो नाही. शेवटी अक्काच मोठ्यानं म्हणाली, "सुमे, मी फेडीन गं! ह्याच आखाडात फेडीन!" सगळ्यांनी वर बघितलं. नदीवर ऊन होतं. कावळा आला नाही. बरीच वाट बघून गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

परतताना गाडीत अक्का म्हणाली, "बघितलंत? अडकलीय ती." मीनलनं तिचा हात धरला. 

त्यानंतरचे दिवस सांगण्यासारखे नाहीत, म्हणून थोडक्यात सांगतो. मीनल तिच्या मुकुंदवाडीच्या घरी गेली. रोज फोन करते. तिचं म्हणणं, बाबा, कोंबड्या हमीदचाचांना देऊन टाका आणि इकडं या. एक खोली रिकामीच आहे. हमीदभाई तयार आहेत. मी विचार करतो म्हणालो. दुपारी कोंबड्या सावलीला बसतात, तेव्हा घरात काही आवाज नसतो. मी एकदा मिक्सर लावून बघितला. भांडं रिकामं होतं. लगेच बंद केला.

ज्वारी टाकताना तू जे "टी टी टी" करायचीस, ते मी करून बघितलं. कोंबड्यांनी माना वर केल्या, माझ्याकडं बघितलं आणि परत माती उकरायला लागल्या. ज्वारी टाकल्यावर आल्या. आता हाक न मारताच टाकतो.

स्वयंपाकघरात तू अंडी वेताच्या टोपलीत, भुशात, निमुळतं टोक खाली करून ठेवायचीस. मी तशीच ठेवतो. खाणारा एकटा असल्यानं ती साठत जातात. उन्हाकडं धरून आत बघायची तुझी पद्धत होती. मूठ वळायची, त्यात अंडं धरायचं, एक डोळा मिटायचा. मला तसं धरून आत फक्त लालसर दिसतं. तू त्यात काय बघायचीस, तेही आता विचारता येणार नाही.

आखाडाच्या शेवटच्या मंगळवारी अक्का आली. सकाळच्या बसनं, पिशवीत नारळ, लिंबू, उदबत्ती, हळद-कुंकू. घरात सुतकाचं वर्ष आहे, असं मी म्हणालो. ती म्हणाली, "वर्षभर सण नसतो दाजी. नवस काय सण हाय? तिनं बोललेलं हाय, ते तिच्यामागं राहू द्यायचं नसतं." तिनंच हमीदभाईंना निरोप दिला होता. ते आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले होते. सुरी फडक्यात गुंडाळलेली होती.

देवाचा धरायला वेळ लागला. हा कोंबडा तुझ्याच हाताला यायचा. हमीदभाईंनी त्याला कुंपणाशी कोंडीत पकडला, अक्कानं पदर टाकला. डालग्यात घालून आम्ही तिघं बांधानं म्हसोबाला गेलो. अक्का पुढं, हमीदभाई डालगं घेऊन मध्ये, मी मागं. वाटेत हमीदभाई म्हणाले, "साहेब, भाभी दर साल बोलायच्या, हमीदभाई, आखाडात बोलावते. आणि बोलवायच्याच नाहीत. मी एकदा विचारलं, भाभी, भूल गये क्या? तर म्हणल्या, भूलते मेरे दुश्मन!"

अक्कानं दगड धुतला, शेंदूर लावला, उदबत्ती पेटवली. लिंबू ठेवलं. मग कोंबडा बाहेर काढायला लावला आणि मला म्हणाली, "हात लावा त्याला. म्हणा, म्हसोबा, तिचा नवस पावला, फेडून घे, तिला सोड."

मी कोंबड्याच्या पाठीवर हात ठेवला. पिसांखाली तो गरम होता आणि त्याचं हृदय फार जोरात चाललं होतं. हमीदभाई फडकं सोडून थांबले.

"साहेब, तुम बोलो तो करता. नै बोलो तो नै करता."

"नको," मी म्हणालो.

अक्काला वाटलं तिनं नीट ऐकलं नाही. "काय?"

"नको. परत न्यायचा."

"कामून? तिला अशीच ठेवायची? अडकलेली?"

"नवस माझ्यासाठी होता, अक्का. मी आहे तोवर फेडायचा नाही, असं तिच्या मनात होतं. ती मला म्हणाली होती."

"तुमाला म्हणाली?"

"म्हणाली. ओट्यावर. येणं बाकी असलं की तो मरू देत नाही, असं."

अक्का माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "आणि तुमाला पटतंय हे? तुमी तर देव मानत नाय."

"मला पटत नाही."

"मग?"

"तिचं म्हणणं होतं. ते बदलायला ती आता इथं नाही."

हमीदभाईंनी सुरी परत फडक्यात गुंडाळली आणि कोंबडा डालग्यात घातला. अक्का लिंबाखाली मटकन बसली. ती रडली नाही. दगडाकडं बघून हळूच म्हणाली, "लबाड होती सुमी. लहानपणापासनं. मला शेंगा देते म्हणायची आणि देते देते म्हणत दिवसभर कामं करून घ्यायची." तिनं पदरानं तोंड पुसलं. मग उठली आणि नारळ दगडावर फोडला. आणलेला नारळ परत न्यायचा नसतो, म्हणाली. एक भकल देवापुढं ठेवलं, दुसरं आम्हा तिघांत वाटलं. खोबऱ्याचा एक तुकडा तिनं दाताखाली बारीक करून डालग्याच्या फटीतून आत टाकला. कोंबड्यानं तो खाल्ला.

घरी आल्यावर मी भाकऱ्या टाकायला घेतल्या. अक्कानं मला बाजूला सारून स्वतः टाकल्या. मी अंड्याची पोळी केली. ती खाताना म्हणाली की मीठ कमी आहे. दुपारी तिला बसला सोडायला गेलो. बस यायला वेळ होता. ती म्हणाली, "पुढल्या आखाडात येते मी. तवर तब्येत सांभाळा. गोळ्या चुकवू नका." बसमध्ये चढल्यावर खिडकीतून परत सांगितलं, "गोळ्या!"

मीनलनं संध्याकाळी विचारलं, झालं का? मी झालं नाही असं सांगितलं आणि कारण सांगितलं.  मग ती म्हणाली, "आईनं हे मला कधीच सांगितलं नाही." मी म्हणालो, मलाही एकदाच.

उन्हाळ्यातल्या त्या दिवशी मला तुला आणखी काही सांगायचं होतं. तू ओट्यावरून शेंगांचं सूप घेऊन आत गेलीस तेव्हा मी तुझ्या पाठोपाठ आलो नाही, एवढंच मला आठवतं. आलो असतो तर काय बोललो असतो, याची मला खात्री नाही. म्हणून लिहीत नाही.

परवा श्रावण लागला. काल मीनलला फोन केला आणि मी पडेगावातच राहणार असल्याचं कळवलं. कोंबडा जिवंत आहे.